पोटातील श्लेष्मल गाठी व त्यांचे निदान

'पोटात पाण्याची गाठ आहे' असे सोनोग्राफीच्या कागदावरून कळले की घरातील मंडळींची मने दोन दिशांना धावतात. काहींना वाटते, पाणीच ते, सुईने काढून टाकले की झाले. काहींना गाठ हा शब्द ऐकताच कर्करोगाची भीती वाटू लागते. हे दोन्ही तर्क घाईचे आहेत. 'पाण्याची गाठ' हे रोगाचे नाव नव्हे, ते केवळ बाहेरून दिसणाऱ्या आकाराचे वर्णन आहे. पिशवीसारख्या या गाठीला वैद्यकात पुटी म्हणतात. पुटीच्या आत पातळ पाणी आहे, पाचक रस आहे, जंतांचे कोष आहेत की चिकट श्लेष्म आहे, आणि तिच्या भिंतीला कोणत्या पेशींचे अस्तर आहे, यावर रुग्णाचे पुढील सर्व भवितव्य अवलंबून असते. काही पुट्यांना हातही लावावा लागत नाही. काही मात्र वेळेवर समूळ काढल्या तर रोगी कायमचा बरा होतो, आणि दुर्लक्ष झाले तर त्यांचेच पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. या दुसऱ्या प्रकारात श्लेष्मल पुटी-अर्बुदांचा समावेश होतो. स्वादुपिंडात आणि अन्य अवयवांत होणाऱ्या या गाठींचे निदान कसे केले जाते, त्याची माहिती येथे दिली आहे.

स्वादुपिंड व त्याचे स्थान

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवी पसरलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी होय. तिचे शीर्ष उजवीकडे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या वळणात बसलेले असते. मधल्या भागास काया म्हणतात, आणि निमुळते पुच्छ डावीकडे प्लीहेपर्यंत पोहोचते. अन्नपचनासाठी लागणारे रस आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन या दोहोंची निर्मिती येथे होते. हा अवयव इतका खोल असल्यामुळे त्यातील गाठ बरीच मोठी होईपर्यंत हाताला लागत नाही. वरच्या पोटात जडपणा, मंद दुखणे, थोडे खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, अशी मोघम लक्षणेच काय ती आढळतात. अनेकदा तीही नसतात, आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत गाठ अवचित दिसून येते.

गाठींची विभागणी कशी झाली

स्वादुपिंडातील पुट्या पूर्वी एकाच वर्गात गणल्या जात. १९७८ साली अमेरिकेच्या सैन्यदलांच्या विकृतिविज्ञान संस्थेतील कॉम्पॅग्नो व ओर्टेल या दोन शास्त्रज्ञांनी या अर्बुदांचे दोन स्पष्ट गट पाडले. पहिल्या गटातील गाठी असंख्य बारीक कप्प्यांच्या असून त्यांत पातळ पाणी असते. त्यांना जलीय पुटी-अर्बुदे म्हणता येईल. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. दुसऱ्या गटातील गाठींचे कप्पे मोठे असून त्यांत श्लेष्म भरलेले असते. अशा ४१ रुग्णांच्या अभ्यासावरून त्यांनी असे प्रतिपादन केले, की या गाठी आज साध्या दिसल्या तरी त्यांच्यात कर्करोगाचे बीज सुप्त असते. पुढे १९८२ साली जपानी वैद्यांनी तिसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. या प्रकारात श्लेष्म तयार करणारी अर्बुदे स्वादुपिंडाच्या नलिकेतच वाढतात आणि नलिका फुगवितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९६ च्या वर्गीकरणात नलिकेतील हा प्रकार आणि प्रस्तुत श्लेष्मल पुटी-अर्बुद वेगळे मानण्यात आले.

या श्लेष्मल पुटी-अर्बुदाची एक खूण विलक्षण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता श्लेष्म बनविणाऱ्या पेशींच्या अस्तराखाली, स्त्रीच्या बीजांडकोशात असतो तसा दाट पेशींचा थर दिसतो. स्त्रीसंप्रेरकांना ग्रहण करणारी केंद्रेही त्या पेशींत आढळतात. स्वादुपिंडात बीजांडकोशासारखे ऊतक कोठून आले, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याविषयी एक मत असे, की गर्भावस्थेच्या आरंभीच्या आठवड्यांत डाव्या बाजूचा जननग्रंथीचा अंकुर आणि स्वादुपिंडाची काया व पुच्छ ज्यापासून बनतात तो अंकुर एकमेकांच्या अगदी जवळ असतात, आणि त्या वेळी काही पेशी इकडून तिकडे जात असाव्यात. हा रोग बहुतांशी स्त्रियांनाच का होतो आणि गाठ बहुधा काया-पुच्छातच का असते, या दोन्ही गोष्टींचा उलगडा या मताने बऱ्याच अंशी होतो.

आकडे काय सांगतात

इटलीतील व्हेरोना व अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया केलेल्या अशा १६३ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांत ९५ टक्के स्त्रिया होत्या, आणि ९७ टक्के गाठी काया-पुच्छाच्या बाजूस होत्या. १२ टक्के रुग्णांत आजूबाजूस शिरणारा कर्करोग झालेला होता. आणखी सुमारे साडेपाच टक्के रुग्णांत तो अस्तरापुरता मर्यादित होता. बाकीच्या गाठी अद्याप त्या अवस्थेस पोहोचलेल्या नव्हत्या. पसरणारा कर्करोग झालेल्यांचे वय सरासरी ५५ वर्षे, तर इतरांचे ४४ वर्षे होते. यावरून साध्या गाठीचे मारक गाठीत रूपांतर होण्यास काही वर्षे जात असावीत, असे अनुमान निघते. ही मधली वर्षे हीच रुग्णाची खरी संधी होय. कारण ज्यांची गाठ पसरण्यापूर्वी काढली गेली, त्यांच्यापैकी कोणीही पाच वर्षांत या रोगाने दगावले नाही. पसरणारा कर्करोग झालेल्यांत मात्र पाच वर्षांनी हयात राहण्याचे प्रमाण ५७ टक्के इतकेच राहिले.

दोन घातक चुका

निदानात दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात, आणि दोन्हींची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

पहिली चूक म्हणजे श्लेष्मल अर्बुदाला आभासी पुटी समजणे. मद्यपानामुळे किंवा पित्ताशयातील खड्यामुळे स्वादुपिंडाला तीव्र दाह झाला, तर पाचक रस बाहेर झिरपून त्याभोवती काही आठवड्यांत पिशवी तयार होते. तिला स्वतःचे पेशींचे अस्तर नसते, म्हणून ती आभासी. अशा पुष्कळ पुट्या आपोआप जिरतात. जी जिरत नाही आणि त्रास देते, तिचा रस जठरात वाट काढून देऊन निचरा करतात. हाच उपाय श्लेष्मल अर्बुदावर केला, तर पाणी वाहून जाते, गाठ लहान झालेली दिसते, रुग्ण समाधानाने घरी जातो, आणि अस्तर मात्र आत वाढत राहते.

दुसरी चूक याच्या उलट आहे. निरुपद्रवी जलीय गाठीला श्लेष्मल समजून स्वादुपिंडाचा भाग काढून टाकणे ही ती चूक होय. ही शस्त्रक्रिया मोठी आहे. तीत पाचक रस गळण्याचा धोका असतो, पुढे मधुमेह होऊ शकतो, आणि पुष्कळदा प्लीहाही काढावी लागते. ज्या गाठीने कधीच अपाय केला नसता, तिच्यापायी इतके सोसणे योग्य नव्हे.

म्हणून निदानात डॉक्टर एकाच पुराव्यावर विसंबत नाहीत. ते एकामागून एक पायऱ्या चढतात.

पहिली पायरी : रुग्णाची हकीकत

गाठ दिसण्यापूर्वी पोटात असह्य दुखून रुग्णालयात राहावे लागले होते काय? मद्याचे व्यसन आहे काय? पित्ताचे खडे आहेत काय? याची उत्तरे होकारार्थी असतील तर आभासी पुटीची शक्यता वाढते. असे काहीच न घडलेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या स्त्रीच्या स्वादुपिंडाच्या पुच्छात एकच पुटी असेल, तर श्लेष्मल अर्बुदाचा विचार प्रथम करावा लागतो. तथापि हकीकत एकटी पुरेशी नाही. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात ९ टक्के रुग्ण स्वादुपिंडाच्या तीव्र दाहानेच दाखल झाले होते. म्हणजे दाह हा कधी गाठीचे कारण असतो, तर कधी गाठीचा परिणाम. येथे जुनी चित्रे फार उपयोगी पडतात. दुखणे सुरू होण्याच्या आधीच्या एखाद्या सोनोग्राफीत गाठ दिसत असेल, तर ती त्या दुखण्यातून उद्भवलेली नव्हे हे उघडच आहे.

दुसरी पायरी : चित्रे

सोनोग्राफीने पुटी आहे एवढे बहुधा समजते. परंतु स्वादुपिंडाच्या पुढे जठर व आतड्यांतील हवा येत असल्याने सर्व तपशील दिसत नाही. म्हणून सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. करावा लागतो. त्यातील आकृती ओळखण्यासाठी वैद्यकात फळांच्या उपमा रूढ झाल्या आहेत. श्लेष्मल पुटी-अर्बुद संत्र्यासारखे असते. बाहेरून एकच जाड साल आणि आत पडद्यांनी पाडलेले कप्पे, अशी त्याची रचना असते. नलिकेच्या फाट्यांतील अर्बुद द्राक्षांच्या घडासारखे दिसते आणि नलिकेशी जोडलेले असते. जलीय गाठ मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, बारीक छिद्रांची असते, आणि काही वेळा तिच्या मध्यभागी ताऱ्याच्या आकाराचा व्रण दिसतो. श्लेष्मल पुटी-अर्बुद सामान्यतः मुख्य नलिकेशी जोडलेले नसते. हे पाहण्यासाठी पित्तनलिका व स्वादुपिंड नलिका यांचे विशेष एम.आर.आय. चित्र घेतात.

धोक्याच्या खुणाही चित्रांतच शोधाव्या लागतात. भिंतीला आतून फुटलेले गाठोळे, जाड व वेडीवाकडी भिंत, अंड्याच्या कवचासारखा कडेला जमलेला चुना, आणि मोठा आकार या त्या खुणा होत. वरील अभ्यासात कर्करोग आढळलेली प्रत्येक गाठ एकतर ४ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी होती, नाहीतर तिच्यात गाठोळे होते.

तिसरी पायरी : आतील द्रवाची परीक्षा

चित्रांवरून उलगडा झाला नाही, आणि उत्तरामुळे उपचार बदलणार असतील, तर टोकाला सोनोग्राफीचे यंत्र बसविलेली दुर्बीण तोंडावाटे जठरात नेतात आणि जठराच्या भिंतीतून बारीक सुईने पुटीतील द्रव काढतात. त्या थोड्याशा द्रवाला मग अनेक प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न चिकटपणाचा. साखरेचा पाक एकतारी झाला की नाही, हे आपल्या घरी दोन बोटांत थेंब ताणून पाहतात, नेमके तसेच येथेही करतात. थेंबाची तार एक सेंटिमीटरपर्यंत ताणली जाऊन क्षणभर टिकली, तर तो द्रव श्लेष्मल असण्याचा संभव मोठा असतो.

दुसरा प्रश्न सी.ई.ए. नावाच्या प्रथिनाचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात, द्रवातील त्याचे प्रमाण मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅमहून अधिक असल्यास पुटी श्लेष्मल समजावी, असा निकष आढळला. तो सुमारे ७९ टक्के रुग्णांत बरोबर ठरला. याचा अर्थ पाचांपैकी सुमारे एका ठिकाणी तो चुकतो. शिवाय हे प्रमाण कितीही वाढले तरी गाठ कर्करोगाची झाली आहे, असे त्यावरून ठरत नाही. पुष्कळ रुग्ण मोठा आकडा पाहून घाबरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

तिसरा प्रश्न साखरेचा. श्लेष्मल पुटीच्या द्रवात ग्लुकोज फार कमी, बहुधा डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असते. ही परीक्षा स्वस्त असून तिचे उत्तर चटकन मिळते. चौथा प्रश्न अमायलेज या पाचक द्रव्याचा. आभासी पुटीत ते भरपूर असते, आणि लिटरला २५० एककांपेक्षा कमी असेल तर आभासी पुटीची शक्यता जवळजवळ उरत नाही. द्रवातील पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण त्या पुष्कळदा फारच थोड्या मिळतात. अलीकडे मोठ्या केंद्रांत जनुकांची परीक्षाही होऊ लागली आहे. जी.एन.ए.एस. या जनुकातील बदल नलिकेतील अर्बुदाकडे, तर व्ही.एच.एल. जनुकातील बदल जलीय गाठीकडे बोट दाखवितो.

शेवटची पायरी : काढलेल्या गाठीची परीक्षा

अंतिम निर्णय विकृतिशास्त्रज्ञाचा असतो. या गाठीत एका कप्प्याचे अस्तर अगदी साधे, तर शेजारच्या कप्प्याचे मारक झालेले असू शकते. काही ठिकाणी अस्तर झडून गेलेले असते. म्हणून भिंतीचा एखादा तुकडा तपासून दिलेला निर्वाळा फसवा ठरतो. संपूर्ण गाठ तपासावी लागते. शक्यतो गाठ न फोडता, अखंड काढण्याचा आग्रह याच कारणास्तव धरला जातो. तीत पसरणारा कर्करोग आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात.

मात्र प्रत्येक गाठ काढावीच लागते असे नाही. युरोपातील तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४ सेंटिमीटरपेक्षा लहान, गाठोळे नसलेली आणि त्रास न देणारी श्लेष्मल पुटी ठरावीक काळाने तपासत राहणे योग्य ठरते. रुग्णाचे वय, प्रकृती व पुढे किती वर्षे तपासण्या कराव्या लागतील, याचा विचार करून निर्णय घेतात. गरोदरपणी ही गाठ झपाट्याने वाढल्याची उदाहरणे आहेत. म्हणून अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रीने ही गोष्ट आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावी.

अन्य अवयवांतील श्लेष्मल गाठी

यकृत : यकृतातही बीजांडकोशासारखा थर असलेले हेच अर्बुद होते, व तेथेही ते बहुधा मध्यमवयीन स्त्रियांतच आढळते. आपल्याकडे त्याची गल्लत हायडॅटिड पुटीशी होण्याचा संभव असतो. हायडॅटिड हा कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एका फीतकृमीचा रोग असून मेंढपाळ वस्तीत, जेथे मेलेल्या वा कापलेल्या जनावरांची आतडी-काळजे कुत्र्यांपुढे टाकतात तेथे, तो टिकून राहतो. हायडॅटिड पुटीला पूर्वतयारी न करता सुई टोचली, तर तीव्र ॲलर्जी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो व रोग पोटभर पसरू शकतो. म्हणून यकृतातील पुटीला सुई लावण्यापूर्वी हा संशय फेडून घेणे अगत्याचे असते.

बीजांडकोश : श्लेष्मल गाठींचे हे सर्वांत परिचित स्थान होय. येथील गाठी प्रचंड वाढतात. डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीला दिवस भरूनही प्रसूती होत नाही म्हणून डॉ. एफ्राइम मॅकडॉवेल यांना पाचारण करण्यात आले. ते गरोदरपण नसून बीजांडकोशाची गाठ आहे हे त्यांनी ओळखले आणि भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात शस्त्रक्रिया केली. गाठीतून सुमारे १५ पौंड जेलीसारखा पदार्थ निघाला. त्या बाई पुढे १८४२ पर्यंत जगल्या. येथे निदानाचा प्रश्न निराळा असतो. गाठ मूळची बीजांडकोशाची, की आतडे, आंत्रपुच्छ अथवा स्वादुपिंड यांतून तेथे आलेली? गाठी दोन्ही बाजूंना असतील, किंवा एकाच बाजूची पण १० सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर मूळ अन्यत्र शोधावे, असा एक उपयुक्त आडाखा आहे.

आंत्रपुच्छ : अपेंडिक्समध्ये श्लेष्म साठून ते फुगते. ते फुटले, तर श्लेष्म बनविणाऱ्या पेशी पोटाच्या पोकळीत सांडतात आणि सारे पोट हळूहळू चिकट जेलीने भरते. सोनोग्राफीत आंत्रपुच्छाची रुंदी १५ मिलिमीटरपेक्षा अधिक दिसली तर हा संशय घेऊन ते न फोडता काढण्याची दक्षता शल्यचिकित्सक घेतात.

आपण काय करावे

वरच्या पोटातील दुखणे किंवा जडपणा काही आठवडे टिकला, भूक मंदावली, वजन घटू लागले, डोळे पिवळे झाले, अथवा पोट विनाकारण वाढू लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. पोट चोळून घेणे, पोटावर डाग देणे असे उपाय करू नयेत. त्यांनी गाठ जात नाही, केवळ वेळ जातो. 'पाणी काढले की गाठ गेली' या समजुतीलाही आधार नाही.

सोनोग्राफी व स्कॅन यांची चित्रे किंवा तबकडी, रक्ताचे अहवाल आणि शस्त्रक्रियेनंतरचा विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल ही कागदपत्रे जमिनीच्या सातबाऱ्याइतकीच जपून ठेवावीत. आपल्यापैकी पुष्कळांना उपचारासाठी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, प्रसंगी शेजारच्या राज्यात जावे लागते. तेथील डॉक्टरांना केवळ निष्कर्षाचा कागद पुरत नाही, मूळ चित्रे पाहावी लागतात. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयात नेहमी होते अशाच ठिकाणी ती करून घ्यावी, आणि शासकीय आरोग्य योजनेतून साहाय्य मिळू शकते का, याची चौकशी तेथील कक्षात आधी करावी. प्लीहा काढावी लागल्यास जंतुसंसर्गापासून रक्षण करणाऱ्या लसी घेण्यास विसरू नये.

शिक्षक, ग्रामसेवक आणि आशा कार्यकर्त्या यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरेल. घरातील स्त्री आपले दुखणे अंगावर काढते आणि सर्वांची कामे उरकल्यावर, जमलेच तर, दवाखान्याची वाट धरते. हा रोग प्रामुख्याने स्त्रियांनाच, तोही संसाराच्या ऐन जबाबदारीच्या वयात होतो. अशा स्त्रीला पुढील तपासणीची तारीख दिली असेल, तर त्या तारखेची आठवण तिला आणि तिच्या घरच्यांना करून द्यावी. वय वाढेल तशा स्वादुपिंडात लहानसहान पुट्या पुष्कळांना आढळतात, आणि त्यांतील बहुसंख्य कधीही त्रास देत नाहीत, हेही सांगावे. गाठ कोणत्या जातीची आहे हे धीराने, पायरीपायरीने ठरवून घेणे आणि ठरल्यानंतर मात्र विलंब न करणे, यातच रुग्णाचे हित आहे.